काळ्या कातळाचा दुसरा देश : इथिओपिया कसा पाहावा

२०२५च्या नोव्हेंबरात उत्तर भारतातली काही विमानं रद्द झाली, काहींचे मार्ग बदलावे लागले. कारण धुकं नव्हतं, राख होती. २३ नोव्हेंबरला इथिओपियातल्या हायली गुब्बी नावाच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्री दिल्लीच्या आकाशात पोचली. दोन दिवस बातम्यांमध्ये नकाशे दाखवले गेले, मग तो देश पुन्हा आपल्या नजरेआड झाला. मला याची हळहळ वाटते. कारण जगात जे थोडे देश मराठी माणसाला सह्याद्रीच्या ओळखीवर वाचता येतात, त्यात इथिओपिया पहिला. तिथले डोंगर, देवळं, नदी, वाळवंट, अगदी ताटातलं जेवणसुद्धा एका काळ्या कातळाशी बांधलेलं आहे, आणि तो कातळ आपल्या पायाखालीही आहे.

आधी हा कातळ आला कुठून ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असे थरावर थर बसून बेसॉल्टचं पठार झालं. इथिओपियाचं पठार अगदी याच पद्धतीनं बनलं, फक्त पुष्कळ नंतर, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी. फरक एवढाच की आपल्याकडची चूल विझली. खरं तर चूल जागेवरच राहिली आणि आपण पुढे सरकलो : भारताचा भूखंड उत्तरेकडे वाहत गेला आणि ज्या तप्त ठिकाणावरून आपला लाव्हा आला, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. इथिओपियाची चूल मात्र अजून त्याच्या खालीच धगधगतेय. ती पठाराला खालून वर ढकलते आणि मधोमध फाडतेही. म्हणून आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर थांबतं आणि तिथलं रास दाशेन साडेचार हजार मीटरच्या वर जातं.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जो उभा राहिलाय, त्याला सिमियन पर्वताचा कडा समजावून सांगावा लागणार नाही. पाऊस आणि नद्या थरांचे मऊ भाग खाऊन टाकतात, टणक भाग तसाच उभा राहतो; त्यातून पायऱ्या पडलेले उतार, सरळ तुटलेले कातळकडे आणि वर सपाट माथा असा आकार होतो. अशा सपाट माथ्याच्या, चहूबाजूंनी तुटलेल्या डोंगराला तिथं ‘अंबा’ म्हणतात. आपल्याकडे अशा डोंगरावर तट बांधून किल्ला केला. तिथं अंबांवर मठ उभे राहिले. गेशेनच्या अंबावर तर कित्येक शतकं राजपुत्रांना नजरकैदेत ठेवत, गादीसाठी भांडणं नकोत म्हणून. उत्तरेकडच्या देब्रे दामो मठात आजही कड्यावरून सोडलेल्या चामडी दोराला धरूनच चढावं लागतं. तिथं स्त्रियांना प्रवेश नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. याच मठात १९४० साली कुषाण राजांची शंभराहून अधिक सोन्याची नाणी सापडली. आपल्या उत्तर भारतातली नाणी, इथिओपियातल्या कड्यावर! अक्सूम नावाच्या प्राचीन राज्याचा समुद्रमार्गे भारताशी जो व्यापार होता, त्याचा याहून ठोस पुरावा कोणता?

सिमियनमध्ये पाहायचं ते फक्त दृश्य नव्हे. तिथं गेलाडा नावाची माकडं आहेत, छातीवर लाल चट्टा आणि अंगावर आयाळीसारखे केस असलेली. ती गवत खातात. शेकड्यांच्या कळपानं कुरणात बसून दोन्ही हातांनी गवत उपटत असतात, रात्री कड्याच्या कपारीत जाऊन झोपतात. इथिओपियाबाहेर ती जगात कुठेही जंगली अवस्थेत नाहीत. वालिया नावाचा वाकड्या शिंगांचा रानबोकड तर याच पर्वतापुरता उरलाय. याचं कारणही पठारच. भोवती उष्ण सखल प्रदेश आणि मध्ये उंच, थंड जमीन, म्हणजे समुद्रातल्या बेटासारखी स्थिती. अशा ठिकाणी जीव वेगळे होत जातात. पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात, हे पठार पिवळ्या रानफुलांनी भरून जातं. फूल सोनकीचं नव्हे, पण रंग आणि मोसम तोच.

आता लालिबेला. इथिओपियात एकच जागा पाहायला मिळणार असेल तर ही पाहावी आणि किमान दोन दिवस द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेरूळचं कैलास लेणं आठवा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून खाली खणायला सुरुवात केली. भोवती खंदक काढून मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा मोकळा केला आणि त्यातून मंदिर कोरलं. म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. लालिबेलाच्या ११ चर्चपैकी मुख्य चर्च याच युक्तीनं झाली, साधारण चारशे वर्षांनंतर, झाग्वे घराण्याच्या लालिबेला नावाच्या राजाच्या काळात, बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याचा आरंभ. (गावाचं जुनं नाव रोहा, राजाच्या मागे ते त्याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.) कारागिरांचा एकमेकांशी काही संबंध होता, असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि तसं मानायची गरजही नाही. थरांच्या कातळात राहणाऱ्या माणसांना दोन वेगळ्या खंडांत एकच वाट सुचली, हे मला जास्त विलक्षण वाटतं.

पण दोन्हींत फरक आहे आणि तो समजला की लालिबेला वेगळं दिसू लागतं. कैलास डोंगराच्या उतारात आहे. समोरून चालत आत जाता येतं. लालिबेलात जमीन बरीच सपाट आहे, म्हणून चर्च जमिनीच्या पातळीखाली गेलीत. बेते गियोर्गिस, म्हणजे संत जॉर्जचं घर, हे सगळ्यांत प्रसिद्ध चर्च जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. कातळात एक चौकोनी खड्डा, सुमारे १२ मीटर खोल, आणि त्यात फुलीच्या आकाराची एक इमारत. आपण काठावर उभे असतो तेव्हा तिचं छत आपल्या पायांच्या पातळीला असतं. छतावर एकात एक कोरलेले क्रूस. खाली उतरायचं तर कातळातल्या अरुंद चरातून आणि भुयारातून. मुख्य समूहातलं बेते मेधाने आलेम आकारानं सर्वांत मोठं, ३३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद, भोवती चौकोनी खांबांची रांग. तेही अखंड दगडाचं.

दगडही जरा वेगळा. वेरूळचा बेसॉल्ट घट्ट; लालिबेलाचा त्याच कुळातला पण सच्छिद्र, तांबूस, छिन्नीला सोपा. कोरायला सोपा म्हणजे झिजायलाही सोपा. खड्ड्यातल्या इमारतीचा शत्रू पाणी, म्हणून कारागिरांनी चरांना उतार ठेवले, पाणी बाहेर काढायच्या वाटा कोरल्या. तरीही आठशे पावसाळ्यांनी भेगा पडल्या आहेत. २००८ साली काही चर्चवर मोठी छपरं उभारली गेली. ती दिसायला खटकतात, पण पाणी अडवायला दुसरा सोपा उपाय हाती नव्हता.

हे सगळं का केलं? परंपरा सांगते की जेरुसलेमची यात्रा अवघड झाली होती, म्हणून राजानं आपल्याच डोंगरात दुसरं जेरुसलेम उभारायचं ठरवलं. आजही तिथल्या ओढ्याचं नाव योर्दानोस, म्हणजे जॉर्डन. दिवसा माणसं खणत आणि रात्री देवदूत, असंही सांगतात. काही अभ्यासकांना वाटतं की सगळं काम एकाच राजाचं नसावं. त्यातल्या एक-दोन वास्तू आधी दुसऱ्याच कामासाठी कोरल्या गेल्या असाव्यात. मला दोन्ही गोष्टी ऐकून मगच आत जायला आवडेल. कारण ही पुरातत्त्व खात्याची रिकामी लेणी नाहीत. आठशे वर्षं तिथली पूजा थांबलेली नाही. दाराशी चपला काढायच्या, आत जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यांवरून चालायचं, अंधारात पांढरी वस्त्रं पांघरलेले भाविक भिंतीला टेकून प्रार्थना करत असतात. ७ जानेवारीला, त्यांच्या नाताळाला, डोंगर-दऱ्यांतून दिवसेंदिवस चालत आलेले यात्रेकरू खड्ड्यांच्या काठावर दाटीवाटीनं उभे असतात. वारी पाहिलेल्या माणसाला ती गर्दी परकी वाटणार नाही.

वेरूळचा उल्लेख केला त्याला आणखी एक कारण आहे. वेरूळपासून काही किलोमीटरवर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे आणि मलिक अंबर इथिओपियाचा. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणणारा, जमीन मोजून सारा ठरवणारा, १६१०मध्ये खडकी वसवून तिला नहरीनं पाणी पुरवणारा. हीच खडकी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जुन्या मराठीत त्याच्यासारख्यांना ‘हबशी’ म्हणत. तो शब्द ‘हबश’ या प्रदेशनामावरून आला, आणि तिथल्या डोंगराळ भागातले लोक आजही स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात. आपण या शब्दाचा पुढे जो हिणकस वापर केला, तो सोडून द्यायला हवा.

अंबरचा जन्म हरारच्या परिसरातला मानतात. हरार देशाच्या पूर्वेला आहे आणि तिथलं जग लालिबेलापेक्षा अगदी निराळं. सोळाव्या शतकातली तटबंदी, आत रंगवलेल्या भिंतींच्या बोळांचं जाळं, ८२ मशिदी आणि शंभरावर दर्गे. इथिओपिया म्हणजे केवळ प्राचीन ख्रिस्ती राज्य हा समज इथं गळून पडतो. रात्री वेशीबाहेर तरसांना मांस भरवणारी माणसं असतात. तटाच्या भिंतीत तरसांना आत येण्यासाठी भोकं ठेवलेली आहेत, कारण ती गावातला कचरा साफ करतात. प्रवासी हा प्रकार पाहायला म्हणून जातात, पण मी हरारला जाणाऱ्याला सांगेन, आधी दिवसा बोळांतून फिरा.

पठाराच्या वायव्येला ताना सरोवर आहे, सुमारे १,८०० मीटर उंचीवर. त्याच्या बेटांवर जुने मठ आहेत आणि भिंतीभर चित्रं. लव्हाळ्यासारख्या पपायरसच्या जुड्या बांधून केलेल्या ‘तांकवा’ होड्या तिथं अजून चालतात. या सरोवरातून निळी नाईल निघते. तिथं तिला ‘अबाय’ म्हणतात. बाहिर दार शहरापासून तीसेक किलोमीटरवर ती कातळावरून चाळीसेक मीटर खाली कोसळते. त्या धबधब्याचं नाव ‘तिस अबाय’, अबायचा धूर. वीजनिर्मितीसाठी बरंच पाणी वळवल्यानं उन्हाळ्यात तो केविलवाणा दिसतो. पावसाळ्याच्या लगेच नंतर गेलात तरच जा.

नाईल म्हटलं की इजिप्त आठवतं, पण इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येतं. तिथला पावसाळाही जून ते सप्टेंबर. हजारो वर्षं इजिप्तमध्ये कडक उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, पूर यायचा, तो या पावसाचा. त्या पुराबरोबर गाळ जायचा. गाळ कशाचा? बेसॉल्टच्या झिजेचा. ज्या दगडापासून विदर्भ-मराठवाड्याची काळी कापसाची जमीन झाली, तशाच दगडाच्या गाळावर इजिप्तची शेती उभी राहिली. प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेत’, काळी भूमी, म्हणत. त्याच नदीवर इथिओपियानं बांधलेलं मोठं धरण २०२५च्या सप्टेंबरात सुरू झालं. इजिप्तला त्याची एवढी धास्ती का, हे यावरून कळेल.

आता पठार उतरून ईशान्येला, आफार प्रदेशात. चूल इथंच उघडी पडते. आफ्रिकेचे दोन भाग आणि अरबस्तान असे तीन भूखंड इथं एकमेकांपासून दूर सरताहेत, आणि मधली जमीन खचतेय. २००५च्या सप्टेंबरात तर सुमारे ६० किलोमीटर लांबीची जमीन काही दिवसांत दुभंगली आणि काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत फाकली. एरवी ही फाकण वर्षाला मिलिमीटरांत मोजतात. दानाकिलचा सखल भाग समुद्रसपाटीपेक्षा शंभरावर मीटर खाली आहे. कधी काळी तिथं तांबड्या समुद्राचं पाणी शिरलं होतं. ते आटलं आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. आफार लोक आजही त्या मिठाच्या लाद्या कापतात आणि उंटांच्या तांड्यांवरून वर पठारावर पाठवतात. एकेकाळी याच लाद्या पठारावर चलन म्हणून चालत. दालोल इथं जमिनीखालचं तापलेलं पाणी मीठ, गंधक आणि लोह घेऊन वर येतं आणि पिवळी, हिरवी, तांबूस डबकी तयार होतात. पाणी इतकं आम्लधर्मी की त्यात हात घालायचा विचारही करू नये. जवळच एर्ता आले हा ज्वालामुखी. त्याच्या मुखात लाव्ह्याचं तळं असतं, कधी भरलेलं, कधी गोठलेलं. हायली गुब्बी त्याचाच शेजारी. इथं स्थानिक वाटाड्याशिवाय आणि परवानगीशिवाय जाता येत नाही. जायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

या खचणाऱ्या जमिनीनं माणसाचा इतिहासही जपून ठेवलाय. खोलगट भागात तळी साचत, गाळ बसे, त्यात मेलेल्या प्राण्यांची हाडं गाडली जात. वर ज्वालामुखीची राख पडे. राखेच्या थराचं वय काढता येतं, म्हणून मधल्या हाडांचंही कळतं. मग जमीन हलली, ओढ्यांनी थर कापले आणि हाडं उघडी पडली. १९७४ साली हादर इथं सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मादीच्या सांगाड्याचा चाळीसेक टक्के भाग सापडला. ती दोन पायांवर चालत होती. जग तिला ल्युसी म्हणतं. इथिओपियात तिचं नाव ‘दिंकिनेश’, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. अदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिच्या सांगाड्याच्या प्रतिकृतीतून तिला भेटता येतं. मी तिथं घाई करणार नाही.

अक्सूमचे कोरीव स्तंभ उत्तरेला आहेत. त्यातला २४ मीटरचा एक इटलीनं १९३७मध्ये रोमला नेला होता, तो २००५मध्ये परत आला आणि २००८मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याहून मोठा, ३३ मीटरचा, शेजारीच तुटून पडलाय. गोंदरला १६३६च्या सुमारास सम्राट फासिलिदेसनं वसवलेली राजधानी आहे. तिथल्या वाड्यांच्या घडणीत भारतीय छाप ओळखू येते. तिथं आलेले जेझुइट पाद्री गोव्याहून येत, हे लक्षात घेतलं की त्याचा उलगडा होतो. निळ्या नाईलचा उगम १६१८मध्ये पाहणारा जेझुइट पाद्री पेद्रो पाएझही गोव्याहूनच निघाला होता.

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली भलीमोठी आंबोळी, वरून जाळी पडलेली, एकाच बाजूनं भाजलेली. तिच्यावर वाढलेलं शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी-शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. ‘येत्सोम’ म्हटलं की उपासाचं ताट येतं. एकाच ताटात सगळे जेवतात आणि प्रेमानं दुसऱ्याला घास भरवतात, त्याला ‘गुर्षा’ म्हणतात. आपली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या याच उंच प्रदेशांतली, आणि ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळंही इथिओपियाचंच. तिथं त्याला ‘नुग’ म्हणतात. जेवणानंतर कॉफी, ‘बुन्ना’, हिरव्या बिया समोर भाजून, कुटून, मातीच्या सुरईत उकळून. तीन फेऱ्या होतात. पहिलीनंतर उठणं बरं दिसत नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी. पहिली, सुरक्षितता. २०२० ते २०२२ तिग्राईत, म्हणजे अक्सूमच्या भागात, युद्ध झालं. २०२३पासून आम्हारा प्रदेशात संघर्ष आहे आणि लालिबेला, गोंदर, ताना सरोवर तिथंच येतात. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. परिस्थिती निवळली नसेल तर लालिबेला पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा. दुसरी, पीतज्वराची लस. इथिओपियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतातल्या विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. पोचल्यावर पहिला दिवस सावकाश घ्या, शहर सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे.

तिसरी, वेळ. त्यांचं वर्ष आपल्याकडच्या भिंतीवरच्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे, त्यात तेरा महिने असतात आणि नवं वर्ष बहुधा ११ सप्टेंबरला लागतं. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, जुन्या घटिकांसारखं : सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. गाडीवाला ‘उद्या एक वाजता येतो’ म्हणाला, तर कोणता एक, ते रात्रीच विचारून घ्या.